नवीन पूल, नवीन प्लास्टर आणि "ऍसिड मारून देतो ना"

घरचा पोहण्याचा पूल बांधून झाला, भरला, आणि पहिल्याच रात्री आतला लाईट लावल्यावर भिंतीवरची गवंड्याच्या करणीची एकूण एक खूण दिसायला लागली. दिवसा वरून ऊन पडतं तेव्हा भिंत एकसारखी वाटते, पण पाण्यातला लाईट भिंतीला घासून जातो, त्यामुळे जराशा उंचवट्याचीही सावली पडते आणि मग ते अर्धगोल फटकारे, दोन गवंड्यांचे हात जिथे जुळले तो पट्टा, कोपऱ्यातली घाई, सगळं उघडं पडतं. त्यात गॉगल लावून खाली गेलं की वस्तू जवळजवळ एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणजे जे आधीच खुपतंय ते अजून खुपणार.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर उत्तर तयार होतं. "मॅडम, नवीन प्लास्टर आहे, महिनाभरात जाईल सगळं. नाही गेलं तर ऍसिड मारून देतो ना."

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसऱ्याला मी तेव्हाही नाही म्हटलं आणि आताही नाहीच म्हणेन. का ते सांगते, कारण नवीन पूलवाले बहुतेक सगळे इथेच फसतात, डाग दिसला की घाबरतात आणि जो उपाय सगळ्यात पटकन समोर येतो त्याला हो म्हणून मोकळे होतात.

आधी हे प्लास्टर म्हणजे काय ते बघू. पांढरं सिमेंट आणि संगमरवराचा चुरा, रंग हवा असेल तर पिगमेंट, आणि पाणी. जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर, बास. एवढ्याशा थराला पुढची कितीतरी वर्षं केमिकलच्या पाण्यात काढायची असतात. आणि हे काम एका दमात करावं लागतं, अर्धी भिंत आज अर्धी उद्या असं चालत नाही, जोड दिसतोच. म्हणजे माणसं आत उतरून, माल सेट व्हायच्या आत, हाताने घोटून काढणार. त्यामुळे टाइल्ससारखं एकसारखं फिनिश यातून मिळत नाही आणि ते कुणी कबूल करत असेल तर तो थापा मारतोय. हे मला मान्य आहे. पण "हाताचं काम आहे मॅडम" या वाक्याखाली काय काय ढकललं जातं ते बघितल्यावर मी एकेका खुणेची चौकशी करायला लागले.

सगळ्यात जास्त डोक्याला ताप दिला तो रंगाने. आम्ही निळसर करडा घेतला होता आणि खोल बाजूला चक्क ढग आले, काही ठिकाणी गडद, काही ठिकाणी फिकट. याची कारणं बरीच असतात. एका घाण्यात पाणी जास्त, दुसऱ्यात कमी. एक भाग उशिरा आणि जोर लावून घोटला की तो जास्त घट्ट होतो आणि गडद दिसतो. आणि माल लवकर सेट व्हावा म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, ते सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे, पण दिवस मावळायला आला की हात सैल सुटतो, आणि जास्त झालं किंवा नीट मिसळलं गेलं नाही की करडे डाग आलेच. पांढऱ्या प्लास्टरमध्ये हे कमी जाणवतं, रंगीत प्लास्टरमध्ये लपतच नाही. यातले काही ढग पुढच्या महिन्यांत खरंच फिके होतात कारण सिमेंट आत मुरत असतं, हायड्रेशन चालू असतं. आमचे झाले, सगळे नाही पण बरेच. म्हणून रंगाच्या बाबतीत थांबणं हाच पहिला उपाय, आणि तो फुकट आहे.

दुसरी गोष्ट पांढरी पूड. पायरीवर हात फिरवला की चुना लावलेल्या भिंतीला टेकल्यावर लागतो तसा हाताला लागायचा. सिमेंट आणि पाण्याची रिअ‍ॅक्शन झाली की कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटं होतं, म्हणजे चुनाच की, तो पाण्यात येतो, पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली ते सांगणारा आकडा) वर चढतो आणि मग कॅल्शियम कार्बोनेट होऊन तोच तळाला बसतो. पहिले काही आठवडे हे चालणारच. तेव्हा करायचं काय तर सकाळ संध्याकाळ अख्ख्या पूलला ब्रश मारायचा, फिल्टर चालू ठेवायचा, पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास ठेवायची. ब्रश मारण्याचा कंटाळा येतो, खांदे भरून येतात, पण जी पूड आज ब्रशने निघते ती तशीच राहू दिली तर भिंतीला खरखरीत थर होऊन चिकटते आणि मग ती ब्रशला दाद देत नाही.

याच काळात माणसं स्वतःच्या हातानेही डाग पाडून घेतात. पीएच उतरवायला ऍसिड एकाच जागी ओतलं की ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे सरळ खाली जाऊन तिथलं प्लास्टर खातं, त्याची पट्टी उमटते. म्हणून आधी बादलीत पाणी घ्यायचं, त्यात ऍसिड घालायचं, उलटं कधीच नाही, आणि पंप चालू ठेवून खोल बाजूला फिरत फिरत टाकायचं. क्लोरीनची गोळी तळाला पडू दिली तर रंगीत प्लास्टरवर तेवढाच गोल पांढरा पडतो. मिठाचा पूल असेल, म्हणजे मिठातून क्लोरीन बनवणारा, तर मीठ २८ दिवस थांबवायचं. चाकांचा ऑटोमॅटिक क्लीनरसुद्धा पहिले काही आठवडे नको, कोवळ्या प्लास्टरवर त्याच्या चाकांच्या रेघा उमटतात.

आमच्या उथळ बाजूला एक आडवी रेघ होती, फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ. ती भरताना झालेली. नवीन पूल एकदा भरायला घेतला की पाणी वरच्या टाइलच्या मध्यापर्यंत येईतो थांबवायचं नसतं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने रात्री पाणी बंद केलं आणि सकाळी परत चालू केलं, झालं, जिथे पाणी रात्रभर उभं होतं तिथे रेघ. ही महिनाभरात जाणाऱ्यातली नाही.

चिरांचं मात्र नीट समजून घेतलं तर निम्मी झोप परत मिळते. ऊन वारा लागून वरचा पापुद्रा लवकर सुकला की त्यावर केसासारख्या बारीक चिरांचं जाळं येतं. ते दिसायला भयानक पण असतं वरच्यावर, त्यातून पूल गळत नाही, पाण्यात राहून त्या चिरा बऱ्याचदा बुजतातही. खरा तडा वेगळा असतो. तो एकटा असतो, लांब असतो, भिंतीवरून तळावर उतरतो किंवा पायऱ्या ओलांडून जातो, त्यात नख अडकतं, आणि पुढच्या महिन्यात बघावं तर वाढलेला असतो. शंका असेल तर पंप बंद करून पाणी शांत होऊ द्यायचं आणि तड्याजवळ गडद रंगाचे थेंब सोडायचे. रंग आत ओढला गेला तर प्रकरण प्लास्टरचं नाही, खालच्या काँक्रीटचं आहे.

आणि आता ती गोष्ट जी कुठल्याच फोटोत येत नाही. पायरीच्या एका कोपऱ्यात रंग चांगला, घोटाई चांगली, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले तर बाकी सगळीकडे टक्क टक्क आणि तिथे ढप. पोकळ. म्हणजे प्लास्टरने खालचा पृष्ठभाग धरलेलाच नाही. हा दिसण्यातला दोष नाहीच, आज ना उद्या तिथे पोपडा सुटणार. गंमत म्हणजे ज्या ढगांवरून मी आठवडाभर फोन करत होते त्यांना धक्काही लागायची गरज नव्हती आणि जो कोपरा सगळ्यात सुंदर दिसत होता तो फोडावा लागला. तेव्हा पाहणी करायची तर ठोकून करा. शक्य असेल तर पाणी भरायच्या आधी, नाहीतर भरल्यावर डुबकी मारून, पण पायऱ्या, कोपरे, लाईट आणि रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी परत पूलमध्ये येतं त्या तोंडाच्या) भोवतालची जागा सोडू नका, कारण नेमकं तिथेच करणी नीट पोचत नाही.

डाग असतील तर आधी ते कशाचे आहेत ते बघा. पानं कुजून पडलेला तपकिरी डाग क्लोरीनने जातो. लोखंडाचा जात नाही, त्याला व्हिटॅमिन सीची गोळी काही सेकंद दाबून धरा. डाग उजळला तर लोखंड नक्की, कारण ते ऍस्कॉर्बिक ऍसिड गंज विरघळवतं. तोच डाग परत परत एकाच ठिपक्यावर येत असेल तर आत सळया बांधायच्या तारेचं टोक पृष्ठभागाजवळ राहिलंय, तेवढं कोरून काढून बुजवल्याशिवाय सुटका नाही.

आता ऍसिड. ऍसिड मारणं म्हणजे पूल रिकामा करून भिंतीवर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ऍसिड ओतायचं. ते डाग धुवत नाही, डागासकट प्लास्टरचा वरचा थर खातं. सिमेंट जातं, संगमरवराचा चुरा उघडा पडतो, दोन दिवस पूल झकास दिसतो आणि मग तो पृष्ठभाग इतका खरखरीत आणि उघडा झालेला असतो की पुढचा प्रत्येक डाग आणि शेवाळं तिथे आनंदाने बसतं. दहा बारा वर्षं जुन्या, कळकट पूलला शेवटचा उपाय म्हणून ठीक, पण कोवळ्या प्लास्टरला कशासाठी? वर १०-१२ मिलिमीटरचीच तर शिदोरी आहे. शिवाय त्यासाठी पूल रिकामा करायचा, म्हणजे नवीन प्लास्टर उन्हात सुकून आणखी चिरा, आणि जमिनीत पाणी वर असेल तर रिकामा पूल खालच्या दाबाने उचललाही जातो, ही काही ऐकीव गोष्ट नाही, खरंच होतं तसं.

त्यापेक्षा घासणं बरं. आडव्या रेघेला आणि करणीच्या सगळ्यात वाईट खुणांना आम्ही पाण्यातला पॉलिश पेपर लावून घेतला, ८० नंबरचा आणि मग १२०, डायव्हरने खाली राहूनच, पूल रिकामा न करता. रेघ पूर्ण गेली नाही, पण आता शोधावी लागते. घासण्यातही थर जातोच, पण जिथे पाहिजे तिथेच आणि जेवढा पाहिजे तेवढाच, आणि हात थांबवता येतो. नंतर पाणी पांढरं होतं, दोन दिवस फिल्टर दमतो, एवढंच.

पुढे पाण्याकडे लक्ष ठेवायचं. १९३६ मध्ये विल्फ्रेड लँगलिअर नावाच्या माणसाने शहरांच्या पाण्याच्या पाइपांसाठी एक इंडेक्स काढला, पीएच, कॅल्शियम, अल्कलिनिटी, तापमान वगैरे धरून पाणी चुना खाणार की चुना सोडणार ते त्यावरून कळतं. पूलवाले आज तोच वापरतात, उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये राहिलं की बरं. त्याच्या खाली गेलं की तुम्ही ऍसिड मारा न मारा, पाणीच ते काम हळूहळू करत असतं.

कॉन्ट्रॅक्टरशी शेवटी जमलं ते दोन यादींमुळे. एका यादीत ढग, जाळं, खुणा, यांच्यावर मी पाणी सोडलं. दुसरीत फक्त पोकळ जागा आणि भरतानाची रेघ, दोन्हींचे फोटो, ठोकतानाचा व्हिडिओ आवाजासकट, आणि शेवटचा हप्ता रोखून धरला. पहिली यादी सोडून दिल्यावर दुसरीवर त्याने फारशी खळखळ केली नाही. कोपरा फोडून नवीन केला. पॅच दिसतो, फिकट आहे, पॅच कुणाचाही दिसतोच कारण जुना आणि नवा माल एका रंगाचा कधीच होत नाही. पॅच दिसू नये म्हणून तिथेही त्याने ऍसिडच सुचवलं होतं, हे सांगायचं राहिलं.

आता त्या पॅचच्या कडेला दोन बारीक टणक फोड आलेत, टाचणीच्या डोक्याएवढे. हे कॅल्शियमचे फोड, आतल्या बारीक पोकळीतून चुना बाहेर येऊन त्याची गाठ होते. खरवडून काढले, परत आले तर मागे अजून पोकळी आहे असं धरून चालायचं. वॉरंटी संपायच्या आत एकदा परत सगळीकडे ठोकून बघणार आहे.