बंगाल

बेळगावात कॅम्पात माझं फ्रेमचं दुकान आहे. इथं मेडल म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीच. म्हणून खानापूरहून आलेल्या मुलीनं डबा पुढं केला तसा मी म्हणालो, "आजोबा मराठ्यात होते होय?"

"नाही ओ काका, नेव्हीत. बंगालला होते."

डब्यात 1939-45 चा सहा टोकांचा स्टार. रिबन कुणीतरी उलटी लावलेली. गडद निळी पट्टी आरमाराची, लाल लष्कराची, फिकट निळी हवाई दलाची. गडद निळी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यावी लागते. ते काम दहा मिनिटांचं. सर्व्हिसच्या कागदानं मात्र दुपार खाल्ली. घड्यांवर फाटलेला. मागून पातळ कागद चिकटवताना जहाजाच्या रकान्यात 'बंगाल' दिसलं. प्रांत इथं कसा?

मोबाईलवर शोधलं. बंगाल हे ऑस्ट्रेलियात बांधलेलं, रॉयल इंडियन नेव्हीचं कॉर्व्हेट, म्हणजे छोटं लढाऊ जहाज. 11 नोव्हेंबर 1942 ला ओंडिना हा डच टँकर सोबत घेऊन हिंदी महासागरातून येताना दोन जपानी जहाजं आडवी आली. एकेक दहा हजार टनांवरचं, तोफांनी भरलेलं. बंगालवर धड मोठी तोफ एकच, तीसुद्धा ठरलेल्या चार इंचीऐवजी तीन इंची. तरी कप्तान विल्सननं टँकरला निसटायला सांगून जहाज सरळ शत्रूवर घातलं. एका जपानी जहाजाचा स्फोट होऊन ते बुडालं. गोळा कुणाचा लागला, बंगालचा की ओंडिनाचा, यावर अजून वाद आहे. तो मला काय मिटणार! दारूगोळा संपत आल्यावर बंगाल धुराच्या पडद्याआडून निघालं. टँकर गेलाच, असं त्यांना वाटलं.

मुलगी वाचता वाचता थांबली. "आजोबा तापात 'टँकर सोडून आलो, टँकर सोडून आलो' म्हणायचे. आम्हाला वाटायचं, कुठंतरी ट्रक चालवत असतील."

तिनं तिथंच घरी फोन लावला. वडिलांना कमी ऐकू येत असावं, कारण सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. बंगाल म्हणजे जहाज, टँकर म्हणजेही जहाज, दोनदा सांगावं लागलं. मग पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.

"आणि त्या टँकरचं काय झालं, विचारतायत."

मी खालचं वाचलं. टॉर्पेडो लागले, कप्तान मेला, खलाशी होड्यांत उतरले. जपानी निघून गेल्यावर परत चढले, आग विझवली आणि जहाज फ्रीमँटलला नेलं.

"पोचला म्हणावं," मी म्हणालो.

"बाबा, पोचला!" ती ओरडली.