आधी ‘कुंकू’ बघ
भाचीचा मेसेज आला, “मामा, सिनेमा कळायला हवा तर जुनं काय काय बघू?” ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्हज’ ही नावं कुणीही सांगेल, ती बघायचीच. पण मी म्हटलं, आधी ‘कुंकू’ बघ. १९३७चा, प्रभातचा, व्ही. शांतारामांचा.

म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही. शांता आपटे काय तडफदार! मध्येच चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. आणि पार्श्वसंगीत नाहीच, घरातले-रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे. (आजच्या मालिकांत सासूने नुसती मान वळवली तरी ढोल बडवतात.) केशवराव दात्यांचे काकासाहेब, म्हणजे तो म्हातारा नवरा, निव्वळ खलनायक नाहीत, हळूहळू त्यांचीच कीव यायला लागते. माझ्या मते सिनेमाची खरी कमाल तिथे आहे.

मग १९३६चा ‘संत तुकाराम’. विष्णुपंत पागनीस गोडच, पण माझा जीव गौरीच्या जिजाईवर. विठोबाला असं फैलावर घेणारी दुसरी कुणी पडद्यावर आली नाही.

‘सिटिझन केन’ नंतर सावकाश बघ. आणि हो, मोबाइलवर नको, घरच्या टीव्हीला जोड.