पहिली स्पोर्ट बाइक, अपडेट 6: पाच मिलिमीटरने सौदा मोडला

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की टोकन दिलंय, आता गाडी नावावर करायच्या फॉर्म 29-30 वर सह्या झाल्या की गाडी घरी. ते वाक्य मागे घेतो. गाडी आली नाही. टोकन परत आलं, तेही दोन हप्त्यांत.

गाडी तीच, 2019 ची यामाहा आर15 व्ही3, ड्युअल चॅनल (दोन्ही चाकांना) एबीएसवाली, नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका पोराची. कागदपत्रं एकदम चोख होती. याआधी बघितलेल्या दुसऱ्या गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा निघाला होता तेव्हापासून मी आधी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकतो आणि मगच चहा पितो. इथे बोजा नाही, चलन नाही, विमा चालू. इंजिन थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू. मी खूश.

आधी आनंदाची बातमी सांगून घेतो. सोमेश्वरच्या पुढे रिकामा रस्ता बघून फुल लॉकमध्ये (हँडल टोकापर्यंत वळवून) यू-टर्न मारला, पाय न टेकवता! माझी उंची पाच फूट चार इंच, सीट 815 मिलिमीटर. उजवा पाय ब्रेकवर ठेवून डावा टेकवायचा, तोही चवड्यापर्यंतच. सहा महिन्यांपूर्वी शोरूममध्ये उभ्या गाडीवर बसलो तरी घाम फुटला होता. त्यामुळे हा यू-टर्न माझ्यासाठी सावळघाट उतरल्यासारखाच आहे.

आता रडगाणं.

परत येताना गिरणारे रस्त्यावर साठच्या आसपास हँडलवरची पकड सैल केली, तर गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली. रस्त्याचा उतार असेल म्हणून जागा बदलून तीनदा बघितलं. तिन्ही वेळा डावीकडेच. आणि सरळ चालताना हँडल किंचित उजवीकडे वळलेलं. पोरगा म्हणाला, "काका, हवा कमी असेल." हवा बरोबर होती.

माझी नोकरी अंबडच्या एका मशीन शॉपमध्ये. दिवसभर दोन-दोन शतांशासाठी भांडणारा माणूस "थोडी ओढते" एवढ्यावर सोडेल का? शनिवारी पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून गाडी उभी धरणारा), सहा इंची पट्टी, बारीक मापाचा व्हर्नियर, ओळंबा आणि नायलॉनची दोरी घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. पोरगा गाडी घेऊन आला, त्याचं कौतुक. (पॅडॉक स्टँडबद्दल एकच सांगतो: वेल्डिंग हाताने चाचपून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. मी माझं इंची पाइपचं शॉपमध्येच बनवलंय. लेझरवाली अलाइनमेंट किटंही बघितली, पण तेवढ्या पैशात चेन-स्प्रॉकेट येतं.)

दोरीची पद्धत नव्यांसाठी थोडक्यात. मागच्या टायरला दोरी वेढून दोन्ही बाजूंनी पुढे आणायची आणि टायरच्या दोन्ही कडांना जेमतेम टेकेल अशी ताणून बांधायची. मागचा टायर 140 मिलिमीटर रुंद, पुढचा 100. फरक 40, म्हणजे पुढच्या टायरला दोन्हीकडे साधारण वीस-वीसची फट हवी. टायरची खरी रुंदी थोडी इकडेतिकडे असतेच, आकड्याचं फार मनावर घ्यायचं नाही. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, बस.

मला मिळाले डावीकडे 11, उजवीकडे 27.

पहिला संशय चेन ॲडजस्टरवर, म्हणजे मागचं चाक पुढे-मागे सरकवणाऱ्या बोल्टांवर. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा दोन्हीकडे जुळत होत्या, पण त्या खुणांवर माझा कधीच विश्वास नव्हता. व्हर्नियर लावला तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक. मागे अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, 1325 चा. मागचं चाक तेवढ्याने तिरपं झालं की पुढे ते तीन मिलिमीटर होऊन बसतं. ॲडजस्टर सारखे केले, दोरी परत लावली: 14 आणि 24. हिशोब जुळला याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

मग हँडल. पुढचा एक्सल आणि खालच्या टीचे (शॉकअप धरणाऱ्या क्लॅम्पचे) बोल्ट सैल केले, चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळून सरळ केलं. शॉकअप टीमध्ये पिळलेले होते, दहा मिनिटांचं काम. हँडल सरळ. मेकॅनिकने चहा मागवला. मला वाटलं झालं.

फट अजून 14 आणि 24 च. चाक दोरीला समांतर, पण पाच मिलिमीटर डावीकडे. मग ओळंबा काढला. मागच्या रिमला लावला: वर-खाली सारखं. पुढच्या रिमला लावला: वरच्या आणि खालच्या कडेत तीन मिलिमीटरचा फरक. मागचं चाक उभं, पुढचं झुकलेलं. मेकॅनिकने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मुंडी गेली, भाऊ." मुंडी म्हणजे फ्रेमचा पुढचा भाग, ज्यात हँडल फिरतं.

टॉर्च घेऊन हँडल दोन्हीकडे फिरवून बघितलं. उजव्या बाजूच्या स्टॉपरवर (हँडल जिथे अडतं त्या ठोकळ्यावर) रंग जसाच्या तसा कंपनीचा. डावीकडच्या स्टॉपरची कड कानशीने घासून वर काळा स्प्रे मारलेला. बोट फिरवलं तर कानशीच्या रेघा लागत होत्या. मग फेअरिंगच्या (बाहेरच्या प्लास्टिकच्या) आतल्या बाजूला ते कधी बनलं ते सांगणारा मोल्डिंगचा शिक्का शोधला, घड्याळासारखा गोल, मध्ये बाण. गाडी 2019 ची, फेअरिंग 2022 चं. पोराला दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, पडली होती, पण स्टँडवरूनच."

स्टँडवरून पडून आर15 च्या डेल्टाबॉक्स फ्रेमची मुंडी पिळत असेल तर मी कीर्तनाला बसतो.

त्याने लगेच किंमत एक लाख दहा हजारांवरून पंच्याऐंशीवर आणली. खरं सांगतो, रात्रभर डोक्यात फ्रेम सरळ करायचं फिक्स्चर बनवत होतो. जॅक कुठे लावायचा, डायल कुठे ठेवायचा. सकाळी बायकोने एवढंच विचारलं, "त्यावर तूच बसणार ना?" आणि फ्रेमच बदलायची म्हटलं तर चेसिस नंबर मुंडीवरच ठोकलेला असतो, म्हणजे आरटीओच्या चकरा वेगळ्या. नाही म्हणून टाकलं.

हे लिहितानाच एक गोष्ट लक्षात येतेय. मी आर15 वर अडून का बसलोय? मुंबई नाक्याच्या गर्दीत त्या क्लिपऑनवर (आर15 च्या खाली झुकलेल्या हँडलवर) चाळीस मिनिटं काढली तेव्हा मनगटं दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती, आणि ते मी मागच्या अपडेटमध्ये सोयीस्करपणे गाळलं. सुझुकी जिक्सर एसएफ 250 ची सीट 800, बसणं बरंच सरळ, 249 सीसी ऑइल-कूल्ड, 26.5 पीएस. वजन 161 किलो, म्हणजे व्ही3 पेक्षा वीसेक किलो जास्त. पण टाच टेकली तर वीस किलोचं काय एवढं?

शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 28 चा 18 झाला. 128 चे 118, म्हणजे शोरूमची किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवी. जुन्या गाड्यांचे मालक मात्र अजून जुन्याच भावात बसलेत. त्यामुळे आता नवीन गाडीचंही कोटेशन घेतो. आठवड्यापूर्वी मीच इथे "पहिली गाडी सेकंडहँडच" असं ठणकावलं होतं, ते ज्यांनी वाचलंय त्यांनी कृपया गप्प बसावं.

रविवारी सिन्नरला एक 2021 ची एसएफ 250 बघायला जातोय. मालकाला फोनवरच सांगितलं की दोरी आणि ओळंबा घेऊन येणार आहे. तो म्हणाला, "गाडी बघायला येताय की भिंत बांधायला?"

कोणाकडे एसएफ 250 चे स्विंगआर्म स्पूल (पॅडॉक स्टँड अडकवायचे) जादा असतील तर शनिवारपर्यंत सांगा. माझे आर15 चे आहेत, ते बसतील असं वाटत नाही.