दवाखान्यातून गिरणीत गेलेला डॉक्टर

सोलापुरात जुन्या गिरणीचा विषय निघाला की भोंगा, पाळ्या आणि संप यांच्या आठवणी निघतात. कामगारांना तपासणाऱ्या डॉक्टरांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते. म्हणूनच फ्रिडोलिन शूलर (१८३२–१९०३) या स्विस डॉक्टरविषयी लिहावेसे वाटले.

शूलर हे ग्लारूस या डोंगराळ प्रांतातील मोलिस गावी वैद्यकी करीत. सूतकताई आणि कापडछपाई हे त्या प्रांताचे मुख्य उद्योग असल्याने गिरणी कामगारांचे हाल त्यांना जवळून दिसत. उघड्या मैदानात जमून हात वर करून कायदे करण्याची तेथील रीत आजही टिकून आहे. त्याच सभेने १८६४ मध्ये कामाचा दिवस १२ तासांवर आणला आणि रात्रपाळी बंद केली. पुढे १८७७ मध्ये साऱ्या देशासाठी कारखाना कायदा झाला, तोही सार्वमतात जेमतेम ५१.५ टक्के मतांनी. दिवसाला ११ तास, रविवारची सुट्टी आणि १४ वर्षांखालील मुलांना कामावर बंदी, अशा त्यातील तरतुदी होत्या. आपल्याकडे १८८१ च्या कायद्याने सात वर्षांच्या मुलालाही गिरणीचे दार उघडे ठेवले, रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० पर्यंत झगडावे लागले आणि प्रौढ पुरुषांच्या तासांना तर १९११ पर्यंत मर्यादाच नव्हती.

तरीही शूलर यांचे खरे काम मला कायद्यानंतरचे वाटते. १८७८ मध्ये संघराज्याने नेमलेल्या पहिल्या तीन कारखाना निरीक्षकांपैकी ते एक होते आणि १९०२ पर्यंत त्या पदावर राहिले. कायदा मंजूर करणारे पुष्कळ असतात. पण हवा, प्रकाश, यंत्रांवरील संरक्षक आडोसे आणि कामाचे तास यांची सुमारे दोन तपे तपासणी करायला वेगळी चिकाटी लागते.

त्यांची नजर कामगारांच्या ताटापर्यंतही गेली. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या बाईला स्वयंपाकाला सवड मिळत नसे आणि त्यामुळे कुटुंबाचे पोषण घसरत असे. स्वस्त, पौष्टिक आणि लवकर शिजणारे अन्न म्हणून शूलर यांनी कडधान्यांच्या पिठाचा पुरस्कार केला. सोलापूरच्या माणसाला हे पटवून द्यायची गरज नाही. आपल्या कडक भाकरीने आणि शेंगांच्या चटणीने हाच प्रश्न चुलीपाशी फार पूर्वी सोडवला होता. स्वित्झर्लंडमध्ये मात्र त्यासाठी गिरणीमालक पुढे आला. धान्य दळण्याच्या व्यवसायातील युलिउस मॅगी यांनी १८८० च्या दशकात असे पीठ बाजारात आणले आणि १८८६ मध्ये त्यापासून तयार सूपही काढले. आज मुलांच्या तोंडी नूडल्समुळे असलेले नाव ते हेच.