मोडीच्या कागदांवर खुणा करताना आलेला माझा अनुभव

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या काळातलं एक खरेदीखत होतं, नऊ पानांचं, सगळं जुन्या मोडी लिपीत. काकांनी ते माझ्याकडं दिलं, म्हटले तू मोडीच्या वर्गाला जातीस न्हवं, मग वाच की गं एकदाचं. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून पानांचे फोटो काढले आणि लॅपटॉपवरच्या नोट्सच्या ॲपमध्ये टाकले, म्हणजे मूळ कागदाला परत परत हात लावायला नको, घडीवर तो आधीच फाटायला आलाय.

ज्यांनी मोडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. मोडीत आधी अख्ख्या ओळीची शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठं संपला ते कळायला मोकळी जागाच नसते, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही, अनुस्वार बऱ्याचदा लिहिलेलाच नसतो. त्यामुळं वाचायचं म्हणजे पहिलं काम शब्द तोडायचं. मी फोटोवरच पेनने बारीक लाल उभ्या रेघा मारायचे, शंका असेल तिथं निळा गोल, आणि वर देवनागरीत शब्द. पिवळा हायलायटर पण वापरून बघितला पण जुन्या तपकिरी कागदावर तो दिसतच नाही.

तीन पानं झाली, दोन संध्याकाळी गेल्या त्यात, आणि मग चौथ्या पानाला जागा करायला मी वरचा फोटो जरा लहान केला तर फोटो लहान झाला आणि रेघा सगळ्या जिथल्या तिथं! एकही रेघ शब्दावर नाही. मला खरंच रडू आलं. नंतर शोधल्यावर समजलं की त्या ॲपमध्ये फोटो ही एक वस्तू आणि पेनची प्रत्येक रेघ ही दुसरी वस्तू, रेघेला आपण फोटोवर आहोत हे माहीतच नसतं, तिची जागा पानावरून मोजलेली असते. म्हणजे फोटो हलवायचा तर आधी लॅसोने, म्हणजे भोवती रेघ फिरवून निवडायच्या टूलने, फोटो आणि रेघा मिळून सिलेक्ट करायच्या, नाहीतर फोटो पानाची बॅकग्राउंड करून टाकायचा म्हणजे तो हलणारच नाही. हे सुरुवातीलाच माहीत असतं तर बरं झालं असतं.

मग मी ऑब्सिडियन या नोट्सच्या दुसऱ्या ॲपवर आले आणि त्यात एक्सकॅलिड्रॉ हे ड्रॉइंगचं प्लगइन टाकलं. तिथं फोटो आणि खुणा सिलेक्ट करून कंट्रोल जी दाबलं की ग्रुप होतो, मग सरकवा नाहीतर मोठं करा, सगळं बरोबर येतं. पण खरा फरक पडला तो अख्खं पान एकदम घेणं सोडल्यावर. आता फोटो स्क्रीनवर मोठा करायचा, विंडोज शिफ्ट एस दाबून एकच ओळ कापायची, ती ओळ ड्रॉइंगमध्ये टाकायची, रेघा मारायच्या. ओळ छोटी असली की नजर भरकटत नाही आणि चूक झाली तर एका ओळीचीच होते. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला हात नाही. चुलतभावाने दोन पानांचे फोटो चॅटवरनं पाठवले होते ते दाबले जाऊन बारीक अक्षरं पुसट झाली होती, त्याला परत डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावलं.

आणि प्रत्येक ओळीखाली देवनागरी वाचन टाइप करतेच करते, पेनने नाही. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2014 ला आली खरी, पण हाताने लिहिलेली मोडी माझ्या कुठल्याच ॲपला फोटोतनं वाचता येत नाही, त्यामुळं टाइप केलं नाही तर सर्चमध्ये काहीच सापडत नाही. आता 'मौजे' (गावाच्या नावाआधी येणारा शब्द) शोधलं की सगळ्या ओळी समोर, मग एका ठिकाणी न लागलेलं अक्षर दुसऱ्या ठिकाणी तोच शब्द बघून लागतं. असे कितीतरी निळे गोल मी नंतर पुसले.

पहिल्या पानावर शके 1834 लागलं, त्यात 78 मिळवले की 1912, म्हणजे शाहू महाराजांच्या कारकिर्दीतला कागद. आणि परवा पाचव्या पानावर चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी, लागली. पूर्वेस ओढा, दक्षिणेस वाट. मी तो तुकडा काकांना लॅपटॉपवर दाखवला, लाल रेघांसकट, आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. काका चष्मा काढून म्हटले, "वडा म्हणायचे की आबा. आमाला वाटायचं उगंच म्हणत्यात." वडा म्हणजे हाच ओढा.

चार पानं अजून राहिलीत. उत्तरेच्या सीमेतलं एक नाव काही केल्या लागत नाही, त्याच्याभोवती निळा गोल अजून तसाच आहे.