लॉकरमधला बंद लिफाफा

मयत खातेदारांचे क्लेम माझ्या टेबलावर येतात त्याला आता सहा वर्षं झाली. मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म, नॉमिनीची केवायसी, कागद पूर्ण असले की १५ दिवसांत सेटल करायचं. खात्यातल्या पैशांवरून माझ्यासमोर फारशी भांडणं होत नाहीत, कारण आकडा सगळ्यांना कळतो. भांडणं होतात लॉकरवरून. आत काय आहे ते फक्त गेलेल्या माणसालाच ठाऊक असतं आणि प्रत्येकाच्या मनात आपापली यादी तयार असते.

त्या दिवशीची केस तशी साधी. आई आधीच गेलेली, आता वडील गेले. लॉकर वडिलांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी थोरला मुलगा, अकरा वाजता उघडायचं ठरलेलं. दहालाच धाकटी मुलगी हरकतीचा अर्ज घेऊन आली. आम्ही तिघं भावंडं, मधली ताई बाहेरगावी आहे, तिघांच्या सह्या झाल्याशिवाय उघडू नका म्हणाली. मी अर्ज घेतला, पोच दिली आणि सांगितलं की कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर नॉमिनीला मला अडवता येत नाही.

"म्हणजे मॅडम, सगळं दादाचंच झालं?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो आणि दर वेळी जीव तुटतो. अहो, नॉमिनी म्हणजे मालक नाही! नॉमिनीला दिलं की बँक मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ. त्याने ते वारसांसाठी सांभाळायचं असतं. सुप्रीम कोर्टानं १९८३ साली विम्याच्या केसमध्ये हेच सांगितलं आणि परत २०२३ ला शेअर्सच्या केसमध्येही तेच. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा आणि मुली सगळ्यांना सारखा वाटा. पण खातं उघडताना आमचेच लोक "इथे कुणाचं तरी नाव टाका" म्हणून फॉर्म पुढे सरकवतात आणि वीस वर्षांनी त्या एका नावावरून घर फुटतं. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, पण लॉकरला तेही एकामागून एकच, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा. वाटण्या त्यातून होत नाहीत.

दादा आला. बहिणीला बघून चेहरा उतरला, पण मी विचारल्यावर "बसू दे" म्हणाला. दोन त्रयस्थ साक्षीदार, मी, ही दोघं. आमची किल्ली, त्यांची किल्ली, डबा बाहेर. यादी करायचं काम मी कुणावर सोडत नाही. सोनं असा शब्द यादीत कधीच लिहायचा नाही, 'पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग चार' असं लिहायचं, कारण ते सोनं आहे की नाही हे ठरवणारी मी कोण. बांगड्या निघाल्या, एक साखळी, जुन्या ठेव पावत्या. बांगड्या बघून धाकटी रडायला लागली, आईच्या होत्या. दादाचेही डोळे भरले, आणि मला वाटलं की आता निभावलं.

मग तळाशी एक खाकी लिफाफा. तोंड डिंकाने चिकटवलेलं, जोडावर सही. वर निळ्या शाईत लिहिलेलं, 'तिघांनी एकत्र बसून उघडणे.'

"उघडा ना मॅडम, आत्ताच उघडा."

बंद पाकीट निघालं तर बँकेला ते उघडायची गरज नसते, तसंच नॉमिनीच्या हातात देता येतं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण साध्या कागदावर लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं मृत्युपत्र रजिस्टर नसलं तरी चालतं, आणि ते असल्याच लिफाफ्यात असतं हेही मला माहीत होतं. दादा म्हणाला, "घरी गेल्यावर बघू." त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती.

मला जेवढं करता आलं तेवढं केलं. यादीत नुसतं 'बंद लिफाफा, नग एक' न लिहिता जोडावर सही आहे हे आणि वरचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, अवतरणचिन्हांत. सगळ्यांनी सह्या केल्या. संध्याकाळी मॅनेजर साहेब म्हणाले, एवढं कशाला लिहिलंत, उद्या आपल्यालाच बोलावतील. साहेब माणूस चांगला, पण कागदावर जितकं कमी तितकं सुरक्षित, हे त्यांचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

बोलावणं आलंच. मागच्या आठवड्यात कोर्टाचं समन्स आलं, मूळ यादी घेऊन हजर राहा म्हणून. दादाचं म्हणणं, लिफाफ्यात घराच्या जुन्या पावत्या होत्या. असतीलही. तो बंद होता आणि वर काय लिहिलं होतं, एवढंच मी शपथेवर सांगू शकते.

पण एक गोष्ट राहून राहून मनात येते. लिफाफा उघडणं नियमाने माझं काम नव्हतं, पण बोलायला मनाई नव्हती. मधल्या ताईला फोन लावा, ती येईपर्यंत लिफाफ्याला कुणी हात लावू नका, एवढं त्या भावाला म्हणायला काय हरकत होती? दोघं अजून रडत होती, त्याने ऐकलंही असतं कदाचित. मी यादीवर शिक्का मारला आणि पुढच्या क्लेमची फाइल ओढली.