घोडं पेंड कुठे खातं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. "माझी बोट आणि त्याची बोट एकाच साच्यातून निघालेल्या. इंजिन तेच, साल तेच. मग तो माझ्यापेक्षा ताशी आठ मैल पुढे कसा? इंजिन उघडू का?"

नका उघडू. जुन्या ऑफशोअर, म्हणजे खुल्या समुद्रात वेगाने जाणाऱ्या बोटीत हॉर्सपॉवरवर गप्पा फार होतात, पण घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा बोटीच्या मागच्या पाटीपलीकडे, पाण्यात. इंजिनात किती ताकद आहे यापेक्षा ती कुठल्या गियरमधून जाते, पंख्याला किती पिच आहे आणि तो पंखा तळापासून किती खाली फिरतो, यावर वेग ठरतो. जुन्या बोटीत या तिन्ही गोष्टी पहिल्या मालकाने, मग दुसऱ्याने, मग कुठल्या तरी मेकॅनिकने बदललेल्या असतात. कागदावर मात्र कारखान्यातलेच आकडे राहतात.

यातलं पहिलं प्रकरण मला चांगलंच आठवतं. एका इंजिनाची बोट, मालकाच्या कागदांवर गियर रेशो १.६५, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १.६५ फेरे. पंखा २३ इंच पिचचा. ४६०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जीपीएसवर ६१ मैल. मालक म्हणाला, बोट मंद आहे. मी आधी गणित केलं. पिच म्हणजे पंखा लाकडात स्क्रू फिरावा तसा घट्ट फिरला असता, तर एका फेऱ्यात जितके इंच पुढे गेला असता तितकं अंतर. आरपीएमला पिचने गुणायचं, रेशोने भागायचं, आणि पुन्हा १०५६ ने भागायचं, की ताशी मैल मिळतात. इथे उत्तर आलं ६०.७. म्हणजे पाण्यात अजिबात न घसरता बोट जितकी गेली असती, त्याहूनही ती जोरात चालली होती! पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पंखा घसरतोच, त्यालाच स्लिप म्हणतात, आणि ती शून्याखाली गेली की कुठला तरी आकडा खोटा असतो.

म्हणून मग स्पार्क प्लग काढले, ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बोटीमागचा गियरचा भाग, फॉरवर्डमध्ये टाकली, क्रँकच्या पुलीवर आणि पंख्याच्या एका पात्यावर खडूने खूण केली आणि पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. क्रँकचे तीन फेरे पूर्ण झाले तेव्हा पंख्याचे बरोबर दोन झाले होते. रेशो १.५ होता. कधीतरी कुणीतरी ड्राइव्हच बदललेली होती. नव्या हिशेबाने घसरण न धरता वेग येतो सुमारे ६६.८, आणि ६१ मैलांना स्लिप होते नऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंखा पाणी व्यवस्थित पकडत होता. बोट मंद नव्हती, पिच त्या इंजिनाला जास्त होती. इंजिनाला जिथपर्यंत फिरायला हवं तिथपर्यंत ते पोहोचतच नव्हतं. ढोबळ हिशेब असा की एक इंच पिच कमी केली की इंजिन दीडशे-दोनशे आरपीएम वर चढतं. जड गियरमध्ये चढ चढणाऱ्या सायकलस्वाराचं जे होतं, तेच याचं झालं होतं.

आता उंचीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त वेग इथे दडलेला असतो आणि हे मोजायची तसदी फार थोडे लोक घेतात. १९६० च्या मायामी-नासाऊ बोट शर्यतीत बोटींचे डिझाइनर रे हंट यांच्या डिझाइनची, खोल व्ही तळाची 'मॉपी' खवळलेल्या समुद्रात सगळ्यांना मागे टाकून गेली, तेव्हापासून साधारण २४ अंशांचा तळ ऑफशोअर बोटींचा ठसा झाला. त्या बोटीला सरळ शाफ्ट होते. इंजिन आत आणि ड्राइव्ह मागे बाहेर, अशा स्टर्नड्राइव्हचा जन्म तेव्हा नुकताच झाला होता: जिम विनच्या कल्पनेवरची व्होल्व्हो पेंटाची अ‍ॅक्वामॅटिक १९५९ ला आली, मर्क्रूझर १९६१ ला. कारखान्यांनी या ड्राइव्ह प्रामुख्याने कुटुंबाला फिरवणाऱ्या बोटी डोळ्यासमोर ठेवून बेतल्या, म्हणून पंखा पाण्यात चांगला खोल ठेवला. वळताना हवा ओढायला नको, ग्राहकाची तक्रार नको. पण साठ मैलांच्या पुढे खाली लोंबणारा गियरचा भाग पाण्यात नांगरासारखा ओढ धरतो. ड्राइव्ह इंच-दीड इंच वर घेतली की ही ओढ कमी होते आणि नाक हलकं होतं.

मोजायचं असं: ड्राइव्ह ट्रिमने, म्हणजे तिला वर-खाली कलवणाऱ्या सोयीने, अशी ठेवायची की पंख्याचा शाफ्ट तळाला समांतर राहील. एक लांब सरळ पट्टी कीलला, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेला, लावून मागे ड्राइव्हखालपर्यंत न्यायची. शाफ्टचं केंद्र त्या पट्टीच्या किती खाली आहे ते टेपने घ्यायचं. त्याच पट्टीने एक आणखी गोष्ट उघड होते. तळाच्या शेवटच्या दोन-तीन फुटांत पट्टी आणि तळ यांत मधे फट दिसली, तर तिथे खोलगट बाक आहे. त्याला हूक म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरचा हूकसुद्धा बोटीचं नाक खाली दाबून ठेवतो. अशा बोटीत लोक इंजिन बदलतात, पंखे बदलतात, आणि तळ कुणी बघतच नाही.

दोन इंजिनांच्या बोटीत हिशेब वेगळा, आणि इथेच एकाचं ऐकून दुसऱ्याने केलेले बदल फसतात. २४ अंशांच्या व्हीमध्ये मधल्या रेषेपासून एक फूट बाजूला गेलात की तळ सव्वापाच इंचांहून थोडा जास्त वर चढलेला असतो. म्हणजे बाजूला बसवलेली ड्राइव्ह आपोआपच कीलपेक्षा वर राहते. एका इंजिनाच्या बोटीतली "दोन इंच खाली" ही गोष्ट दोन इंजिनवाल्याला तशीच लागू पडत नाही. आपण त्या ड्राइव्हच्या समोरच्या तळापासून मोजायचं की कीलपासून, हे आधी ठरवा. नाहीतर दोघे वाद घालत बसाल आणि दोघेही बरोबर असाल.

ड्राइव्हच्या पिढ्यांचाही फरक पडतो. मर्क्रूझरच्या टीआरएस बोटीत गियर बदलायचं काम ड्राइव्हमध्ये होत नाही. इंजिन आणि ड्राइव्हच्या मधे वेगळं ट्रान्समिशन असतं. म्हणून ती दणकट, पण जड, आणि खालचा भाग जाडजूड. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलेल्या ब्राव्होमध्ये क्लच ड्राइव्हच्या वरच्या भागात गेला आणि खालचा भाग सडपातळ झाला. टीआरएस काढून ब्राव्हो बसवली की वेगाचे काही मैल मिळतात, हे खरं. पण लोक हे सांगायला विसरतात की मधलं ट्रान्समिशन गेल्यावर इंजिन मागे सरकतं, म्हणजे बोटीचा वजनाचा तोल बदलतो. पूर्वी सरळ धावणारी बोट हेलकावायला लागते, आणि सगळं खापर नव्या पंख्यावर फुटतं. शिवाय टीआरएसने निमूट सोसलेला टॉर्क ब्राव्होचे वरचे गियर सोसतीलच असं नाही.

जुळ्या पंख्यांची दिशा हा आणखी एक वादाचा विषय. आत, म्हणजे वरची पाती एकमेकांकडे येतील असे फिरवले की काही बोटी थोडा वेग जास्त देतात, पण धक्क्याला लावताना हात दुखवतात. मला स्वतःला बाहेर फिरणारे आवडतात. तीन की चार पात्यांचा वाद आला की मी इतकंच सांगतो: तीन पाती वरच्या वेगाला, चार पाती पकडीला आणि मागची बाजू उचलायला. पुढचं बोट सांगते, माणूस नाही.

आणि हो, ओली लाकडं. जुन्या बोटीच्या तळातली आणि मागच्या पाटीतली लाकडं पाणी पिऊन जड होतात. वजन करून बघा. यात सांगण्यासारखं जास्त काही नाही.

दुसऱ्या एका माणसाने माझं ऐकून ड्राइव्ह दीड इंच वर घेतली. सपाट पाण्यात त्याला तीन मैल मिळाले, तो खूश होता. मग एका वाऱ्याच्या दिवशी त्याने मला फोन केला: इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा दाब लाटेलाटेला खाली जातोय. साहजिकच होतं. त्या ड्राइव्हचं पाणी ओढायचं तोंड बाजूला वर होतं आणि आता ते दर लाटेमागे हवेत उघडं पडत होतं. खाली तोंड असलेला नोज कोन, म्हणजे ड्राइव्हच्या पुढचं टोक, लावायचा खर्च त्याला नको होता. त्याने ड्राइव्ह पाऊण इंच खाली आणली, दीड मैल परत दिले, आणि दाबाचा काटा पुन्हा स्थिर झाला. आता तोही विचारतो, शेजारची बोट दोन मैल पुढे कशी. मी विचारलं, शेजाऱ्याचा शाफ्ट किती खाली आहे? ते त्याने अजून मोजलेलं नाही.